कमी धक्क्याचं पिस्तूल

पिस्तूल कसं निवडायचं, हे मला विचारा! गुडघेदुखीवर सल्ला देणाऱ्या बायका आमच्या गल्लीत पैशाला पासरी मिळतील. पण कुठलं पिस्तूल हाताला जास्त धक्का देतं, कुठल्याचा चाप म्हाताऱ्या बोटाला दाद देत नाही, आणि पर्समध्ये मावणारं गोंडस पिस्तूल पाहून कधीही का भुलू नये, हे सांगू शकेल अशी बाई अख्ख्या गल्लीत एकच. ती मी!

माझ्याकडे पिस्तूल नाही, ही गोष्ट वेगळी. तेच सांगायला बसले आहे.

हे गेले त्याला तेव्हा एक हिवाळा उलटला होता. मी घरात एकटी. अशात आमच्या शेजारच्या शिंप्याच्या घराचं कुलूप कुणीतरी भरदुपारी तोडलं. नेलं काय म्हणाल, तर एक इस्त्री आणि एक अर्धवट शिवलेलं जाकीट. तेही एकाच बाहीचं! चोराची दया यावी अशी चोरी. पण माझ्या लेकीला आयतं निमित्त मिळालं. ती तडक आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच म्हणाली, "आई, आता पुरे. या महिन्याअखेर तू आमच्याकडे यायचं. घर भाड्यानं देऊन टाकू."

"मी कुठेही यायची नाही. स्वतःच्या घरात मला कसली भीती?"

"दाराची कडी बघितलीस? फुंकर मारली तरी निघते!"

"मग मी पिस्तूल घेते!"

आता हे माझ्या तोंडातून का निघालं, देव जाणे. कडी बदलते म्हणाले असते तरी चाललं असतं. पण लेक हसली. इतकी हसली की भिंतीला टेकली. तिचे बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि तेही मला!

"अगं, तुला बरणीचं झाकण उघडत नाही! पिस्तूल घेतेय! बरं, ऐक. तुझ्या हाताला झेपेल असं एक पिस्तूल शोधून दाखव. पुन्हा घर सोडायचा विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द!"

ती थट्टेत बोलली होती. मी नव्हते.

कारण ते घर मला सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर त्या घरात मला कधी भीती वाटली नाही, ती कडीमुळे नव्हे. ह्यांच्या शिंकेमुळे!

तुम्ही हसाल. पण ज्यांनी ती शिंक ऐकली, ते हसत नाहीत. ह्यांची सगळी नोकरी कागदाच्या गोदामात गेली. तिथली धूळ नाकात जी बसली, ती निवृत्तीनंतरही हलली नाही. आधी एक मोठा श्वास. मग घरभर शांतता. मांजर असेल तर ते खिडकीकडे बघायचं. आणि मग जो बार उडायचा! पलंग भिंतीपासून वीतभर पुढे सरकायचा. सकाळी तो मागे ढकलून ठेवणं हे माझं रोजचं काम. शिंकेनंतर मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, हळू!" आणि आतून उत्तर यायचं, "शिंक काय विचारून येते?"

अख्खा संसार याच दोन वाक्यांवर झाला म्हणा ना. बाकीचं बोलणं आठवतही नाही.

एकदा आमच्याकडेही चोर शिरला होता. दुपारी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. मी बाहेर गेलेली, हे आत झोपलेले. चोरानं ओट्यावर पाय ठेवला आणि आतून बार उडाला! तो गडी आला तसा खिडकीतून गेला. जाताना त्याची पकड आमच्याकडेच राहिली. चांगली मजबूत पकड! सगळ्यांच्या घरून चोर वस्तू नेतात, आमच्याकडे ठेवून गेला. बरण्यांची झाकणं मी पुढे त्याच पकडीनं उघडत आले.

ती शिंक लेकीनं नेमकी उचलली आहे. पण ती दाबते. रुमालात तोंड घालून, डोळे मिटून, कसलंसं "म्च" करते. ऑफिसात हसतात म्हणे. हे म्हणायचे, "दाबू नकोस गं, कानाचे पडदे जातील."

हे गेले आणि पलंग जिथल्या तिथे राहिला. भिंतीला चिकटून. सकाळी मी उठायची, हात आपोआप पलंगाच्या कडेला जायचा, आणि ढकलायला काही नसायचं.

असो. पिस्तुलाचं सांगत होते.

दुकानात मी एकटी गेले नाही. नणंदेला घेऊन गेले. ही ह्यांची धाकटी बहीण. चणीनं एवढीशी, पण तोंड उघडलं की फटाक्यांची माळ. म्हणून घरात तिला सगळे लवंगी म्हणतात. मी म्हटलं, "लवंगे, पिस्तूल घ्यायचंय." तिनं का म्हणून विचारलं नाही. "थांबा वहिनी, चप्पल घालते," एवढंच म्हणाली. माणूस असावं तर असं!

शस्त्रांचं दुकान म्हणजे काहीतरी भयंकर असेल अशी माझी समजूत होती. ते निघालं चष्म्याच्या दुकानासारखं. काचेची कपाटं, आत मखमल, मखमलीवर पिस्तुलं ओळीनं निजलेली. काउंटरमागे पांढऱ्या मिशांचे दुकानदार. वागायला अतिशय सभ्य. फक्त एक अडचण. जन्मभर गोळ्यांचे आवाज ऐकून त्यांच्या कानांनी राजीनामा दिला होता.

"कुणासाठी बघताय?"

"मलाच हवंय. संरक्षणासाठी."

"आरक्षण? त्यासाठी बाजूचं ऑफिस!"

"संरक्षण!" लवंगी ओरडली. कपाटाच्या काचा थरथरल्या.

"हां, हां. परवान्याचं नंतर पाहू. आधी हाताला काय बसतं ते ठरवू. आत्तापर्यंत घरात संरक्षणाला काय होतं?"

मी खरं तेच सांगितलं. "आत्तापर्यंत हे होते."

ते सांगताना माझी नजर खाली गेली. जाते अजून. नेमकी ती काचेतल्या एका जाड, काळ्या पिस्तुलावर पडली.

"हे होतं?" दुकानदारांच्या भुवया टोपीला जाऊन भिडल्या. "हे फार दणकट असतं हो! जुनं?"

"जुनंच म्हणायचं. लग्नापासून."

"आवाज?"

"पलीकडच्या गल्लीत जायचा!"

"आणि धक्का?"

"पलंग सरकायचा."

"असणारच!" दुकानदार रंगात आले. "मग बिघडलं का?"

"शेवटी शेवटी छातीत घरघर व्हायची. डॉक्टर म्हणाले, काही नाही. आणि मग हिवाळ्यात गेले."

छाती नि डॉक्टर त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. "गेलं?" ते एकदम सावध झाले. "असं कसं गेलं? घरातून?"

"घरातूनच."

"आणि तुम्ही तक्रार नाही केलीत?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या जणांनी माझं सांत्वन केलं होतं, पण असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "कुणाकडे करायची तक्रार?"

"पोलिसांकडे!" त्यांनी टेलिफोन पुढे ओढला. "बाई, असलं हत्यार घरातून नाहीसं होतं आणि तुम्ही गप्प बसता? उद्या ते कुणाच्या हातात सापडलं म्हणजे?"

इथे लवंगीला फुटलं. आधी हसू. काउंटरला धरून, वाकून वाकून हसली. मग मध्येच कुठेतरी त्या हसण्याचं रडणं झालं. ते कधी झालं हे तिलाही कळलं नाही. डोळे पुसत ती अशा आवाजात ओरडली की बहिऱ्यानंही ऐकावं, आणि ऐकलं! "अहो, हे म्हणजे पिस्तूल नाही! हे म्हणजे माझा भाऊ!"

दुकानदारांनी टोपी काढली. मग टेलिफोन बाजूला सारून अगदी हळू म्हणाले, "तुम्हाला कमी धक्क्याचं दाखवतो."

मला त्यांचं ते वाक्य फार आवडलं. असं काही मिळतं हेच मला माहीत नव्हतं.

मग सुरू झाली निवड. मी आधी सर्वांत लहान पिस्तुलाला हात घातला. पावडरच्या डबीएवढं! दुकानदार मान हलवून म्हणाले, "ते नको. जितकं लहान आणि हलकं, तितकी लाथ जोरात."

"बघ, लवंगे!" मी म्हटलं.

"बघितलं," ती म्हणाली. "मला असलंच हवं!"

मग मोठं दाखवलं. त्याचा धक्का कमी, पण ते उडवण्याआधी वरचा भाग मागे ओढावा लागतो. मी ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. लवंगीनं एकीकडून आणि मी दुसरीकडून ओढलं. ते हललं नाही. घरी पकड राहिली याचा मला मनापासून पश्चात्ताप झाला! तिसऱ्याचा चाप इतका ताठ की चोर येऊन, चहा पिऊन, निरोप घेऊन जाईल तरी माझं बोट मागे यायचं नाही. आणि मग दुकानदारांनी खालच्या खणातून एक काढलं. अंगानं थोराड, वजनानं भारदस्त, पण त्यात जाणारी गोळी अगदी बारीक, पेन्सिलीच्या टोकाएवढी. मोठं अंग आणि लहान गोळी, म्हणून हाताला धक्का जवळजवळ नाहीच. ओढायला सोपं, चाप लोण्यासारखा. माझ्या हातात ते असं बसलं, जणू माझंच होतं!

"हे माझं," मी म्हटलं आणि लगेच पुढे जोडलं, "पिस्तूल!"

दुकानामागे सरावाची लांब खोली होती. टोकाला कागदाचा माणूस टांगलेला. दुकानदारांनी आमच्या कानांवर आवाज अडवणारे मोठाले कर्णपट्टे चढवले. अंबाड्यावर ते काही केल्या बसेनात. एका बाजूनं कान उघडाच राहत होता, पण मी ते बोलले नाही. घाई झाली होती ना! मनात मी लेकीला फोन करून मोकळी झाले होते. झेपलं म्हणावं! आता ठेव तुझी खोली तुलाच!

दुकानदार माझ्या पाठीशी उभे राहिले. मी दोन्ही हातांनी नेम धरला. मोठा श्वास घेतला. खोलीत शांतता झाली.

आणि बार उडाला.

हाताला काहीच झालं नाही. खरंच सांगते, एखाद्यानं मनगटाला टिचकी मारावी तेवढंच. पण तो आवाज! लांब खोलीत घुमून, भिंतीला थडकून माझ्या उघड्या कानात शिरला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हळू!"

मग मी वाट पाहिली.

किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. उत्तर यायचंच होतं. नेहमी यायचं. मी मान थोडी वळवूनसुद्धा उभी राहिले, बायका आतल्या खोलीतलं ऐकायला राहतात तशी. समोर कागदाचा माणूस हलत होता. बाकी काही नाही.

मी पिस्तूल फळीवर ठेवलं, अगदी शिकवलं तसं, तोंड पलीकडे करून. आणि तिथल्या बाकावर बसून रडायला लागले. हे गेले तेव्हा आलेल्या-गेलेल्यांना चहापाणी बघण्यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं त्या दिवशी, त्या गोळीबाराच्या खोलीत, परक्या माणसासमोर झालं!

दुकानदार घाबरले. पिस्तूल उचलून आधी कपाटात बंद केलं आणि माझ्यासमोर वाकून विचारलं, "बाई, धक्का बसला का?"

"बसला," मी म्हटलं.

"सहन होत नाहीये?"

मी नुसती मान हलवली.

लवंगी माझ्यासाठी चहा सांगायला बाहेर गेली होती. नाहीतर पुढचं रामायण टळलं असतं. दुकानदारांनी माझ्याकडून लेकीचा नंबर घेतला आणि भल्या मनानं फोन लावला. भला माणूस बहिरा असला म्हणजे काय होतं, ते ऐका.

"तुमच्या आई इथे शस्त्रांच्या दुकानात आहेत. हो. वडील गेल्याचं सांगत होत्या. फार रडतायत. धक्का सहन होत नाही म्हणतात. म्हणून पिस्तूल... हॅलो? हो, हो, गोळी सुटली! एकच. आता अगदी शांत बसल्यात. काही बोलत नाहीत. तुम्ही येऊन घेऊन जाल का?"

आणि फोन ठेवून मला म्हणाले, "येतायत. आवाज नीट आला नाही, पण फार प्रेमळ वाटल्या."

मी जाग्यावरून उठणार, तोवर लवंगी चहा घेऊन आली. मी तिला सांगितलं, तिनं कपाळावर हात मारला, फोन लावला. लेकीचा फोन कोण उचलणार! ती निघाली होती.

सर्वांत आधी पोचले जावईबापू. विम्याच्या कचेरीत असतात, त्यामुळे माणसाला काय काय होऊ शकतं ते त्यांना तोंडपाठ. दारातच दोन्ही हात वर करून, एक एक पाऊल टाकत ते पुढे आले.

"आई, माझ्याकडे बघा. काही घाई नाही. हातात आहे ते हळूच खाली ठेवा."

"अहो, संपला नाही अजून," मी म्हटलं. माझ्या हातात चहाचा कप होता.

त्यांच्यामागून रुग्णवाहिकेची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन शिरली. दारात पांढरेफटक जावईबापू बघितल्यावर त्यांनाच आडवं करायला लागली! "मला नाही, मला नाही!" असं जावईबापू ओरडतायत, ती माणसं "हो, हो, शांत पडा" म्हणतायत, दुकानदार "परवाना आहे का यांच्याकडे?" असं सगळ्यांना विचारतायत, आणि लवंगी मध्ये उभी राहून माळ लावल्यासारखी फुटतेय. या गोंधळात लेक आली.

तिच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची सपात. ती धावत आली नाही. दारात थांबली. मला बघितलं. कप बघितला. मग हळूहळू चालत येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली आणि माझा हात उलटासुलटा करून बघायला लागली, लहान मूल पडल्यावर बघतात तसा.

"तुला वाटलं तरी कसं असं?" मी म्हटलं. "मी चोरासाठी घेत होते गं!"

माझा हात तसाच धरून ती म्हणाली, "भीती तुला वाटत नाही, आई. माहितेय मला. मला वाटते. रोज संध्याकाळी फोन लावते, तू उचलेपर्यंत श्वास सोडत नाही मी. त्या दिवशी किती वेळ वाजत होता फोन, आठवतं?"

आठवत होतं. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उचलायला हात मोकळा नव्हता.

"बाबा गेले आणि तू त्यांच्या घरात राहिलीस," ती म्हणाली. "मी कुठे जाऊ? माझ्याकडे त्यांचं काही नाही."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, सगळा धक्का माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय.

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात तिनं मोठा श्वास घेतला. खोलीत अजून बंदुकीच्या दारूचा धूर रेंगाळत होता, आणि रडून तिचं नाक आधीच हुळहुळं झालेलं. तिनं रुमाल शोधला. रुमाल घरी! हात नाकाशी न्यावा, तर तो माझ्या हातात अडकलेला. सगळे गप्प झाले.

आणि बार उडाला!

रुग्णवाहिकेची माणसं खाली बसली. जावईबापू आपण होऊन स्ट्रेचरवर आडवे झाले. दुकानदार, ज्यांना जगातलं काही ऐकू येत नाही ते दुकानदार, दचकून कपाटाकडे वळले. कुलूप शाबूत आहे ना ते बघायला! लवंगीनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

"अगं, हळू!" मी म्हटलं.

लेकीनं ओले डोळे माझ्याकडे वळवले. नाक बाहीला पुसलं.

"शिंक काय विचारून येते?"

पैज मी जिंकले होते. ते थोराड पिस्तूल माझ्या हाताला झेपलं होतं, कागदाच्या माणसाच्या खांद्याला भोकही पडलं होतं. पण ते मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. महिनाअखेर मी तिच्याकडे राहायला आले. येताना चोराची पकड तेवढी घेतली. घर भाड्यानं दिलं. भाडेकरूंनी पहिल्याच दिवशी कडी बदलली आणि आमचा पलंग पलीकडच्या भिंतीला लावला म्हणे. मी अजून तिकडे गेलेले नाही. लेक नेते म्हणते. बघू.

लेक आता शिंक दाबत नाही. सकाळी स्वयंपाकघरातून मी ओरडते, आतून उत्तर येतं. आवाज तोच, फक्त बाईचा. कधी कधी, पीठ मळताना लक्ष नसलं, तर माझ्या तोंडून "अगं"च्या जागी "अहो" निघतं. ती उत्तर देतेच. त्याबद्दल आम्ही दोघी काही बोलत नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या दुकानातून शेवटी घेतलं काय? एकच वस्तू घेतली. सर्वांत मोठे, सर्वांत जाड कर्णपट्टे. जावईबापू ते लावूनच निजतात. त्यांचा पलंग रोज वीतभर पुढे सरकतो. तो मागे ढकलायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.